प्रश्न विचारला म्हणून देव रागावतो का?

मागच्या अंकात खानापूरकडच्या एका ताईचं पत्र छापलं होतं. बरीच वर्षं एका संगतीत, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थना गटात, काढून ती बाहेर पडली होती नी तिचा सवाल एवढाच होता की आता घरी एकटीनं प्रार्थना केली तर चालते का. चालते असं दोन ओळीत लिहून मी मोकळी झाले, खरं त्यानंतर पत्रं नी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज यायचे थांबेनात, बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी, सगळीकडनं. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. संगतींची नावं मी काढून टाकलीत, एक तर ती एकच संगती नाही, वेगवेगळ्या आहेत, आणि दुसरं म्हणजे नाव छापलं की पत्र कुणी लिहिलं ते गावात दुपारपर्यंत कळतं. आणि हे पण आधीच सांगते, आपल्याकडची जुनी मेथडिस्ट, कॅथलिक चर्चं किंवा कुणाच्या घरात होणारी साधी प्रार्थना सभा यांच्याबद्दल हे नाही. जिथं प्रश्न विचारला की माणूसच बाहेर काढतात, तिथल्याबद्दल आहे.

प्रश्न : ताई, प्रेझ द लॉर्ड म्हणायची सवय सुटत नाही म्हणून तसंच लिहितो. मी खानापूर तालुक्यातला, वय 34. लॉकडाऊनमध्ये आमच्या ब्रदरनी, म्हणजे संगतीच्या पुढाऱ्यांनी, हॉलच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावला, त्यात बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातले आकडे, युद्धं, भूकंप, कोरोना असं सगळं जोडून 2023 संपायच्या आत प्रभू येशू परत येणार असं काढलं होतं. आम्ही सगळे मानायचो ओ. बाबांनी 20 गुंठे भातशेती विकून पैसे संगतीला दिले, बहिणीचं लग्न पुढं ढकललं, भाच्यानं डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं कारण आता शिकून काय करायचं. 2023 गेलं. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी ब्रदर म्हणाले राज्य आलंय, आत्मिक रीतीनं आलंय, ज्यांना दिसलं नाही त्यांचे डोळे बंद आहेत. मी मीटिंग झाल्यावर जाऊन विचारलं की मग तक्त्यावर तसं का नव्हतं लिहिलं, तर मला आतल्या खोलीत नेलं, संगतीचे तिघं वडील, म्हणजे कारभारी, बसले होते, माझा मोबाईल मागून घेतला, कुणाकुणाशी बोललास ते बघितलं, नी शंका म्हणजे सैतानाचं बी म्हणून सांगितलं. आता मी बाहेर आहे. मी एकटाच मूर्ख ठरलो का? नी शिकवण बरोबर का चूक ते तपासायचं कसं, मला ग्रीक-हिब्रू काय येत नाही, बारावी कॉमर्स झालोय.

उत्तर : एकटे कसले ओ भाऊ, तुमच्या आधी रांग लागलेली आहे, नी ती पण दीड-दोनशे वर्षांची. अमेरिकेत विल्यम मिलर म्हणून एक शेतकरी होता, बॅप्टिस्ट. त्यानं दानीएलाच्या आठव्या अध्यायातले 2300 दिवस हे 2300 वर्षं धरले नी गणित मांडलं की 1843-44 च्या सुमाराला प्रभू येणार. 1844 चा मार्च गेला, मग त्याच्या माणसांनी नवीन तारीख काढली, 22 ऑक्टोबर 1844. हजारो लोक वाट बघत बसले, काहींनी तर शेतातलं उभं पीक काढलंच नाही, काढून कुणासाठी ठेवायचं म्हणून. 23 तारखेला सकाळ झालीच. तुमच्या ब्रदरचा तक्ता कुठनं आला असेल ते बघितलंत ना, दानीएलाचे ते आकडे तेव्हापासून फिरतायत.

मग वॉच टॉवर सोसायटी, म्हणजे आपण ज्यांना यहोवाचे साक्षीदार म्हणून ओळखतो ते. त्यांचं 1914 चं वर्ष प्रसिद्ध आहे. 1914 ला जगातली सगळी सरकारं संपून देवाचं राज्य येणार असं आधी सांगितलं होतं, तसं झालं नाही, मग पुढं शिकवण अशी झाली की ख्रिस्त त्या साली अदृश्य रीतीनं राजा झाला. अदृश्य. तुमच्या ब्रदरनी जानेवारीत जे सांगितलं ते काय नवीन नाही. त्यानंतर 1925 ला अब्राहाम, इसहाक, याकोब हे पुन्हा जिवंत होऊन येतील असं त्यांचे अध्यक्ष रदरफोर्ड यांनी सांगितलं. आले नाहीत, तरी 1929 ला कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला एक मोठं घर बांधलं, कागदोपत्री ते दावीद, गिदोन, शमुवेल असल्या जुन्या करारातल्या लोकांसाठी राखीव, नी राहायचे रदरफोर्ड स्वतः. 1948 ला ते घर विकून टाकलं. नंतर 1975. आदामाला निर्माण केल्यापासून 6000 वर्षं त्या साली भरतात असा हिशेब, नी 1974 च्या त्यांच्या आतल्या पत्रकात घरदार विकून उरलेले दिवस प्रचाराला देणाऱ्या लोकांचं कौतुक छापलेलं आहे. तुमच्या बाबांच्या 20 गुंठ्यांच्या आधी किती जणांची घरं गेली असतील ते बघा. 1975 गेल्यावर लोक निराश झाले तेव्हा आधी लोकांनाच बोल लावला, स्वतःकडं थोडी जबाबदारी घेतली ती 1980 ला.

अगदी अलीकडचं बघायचं तर हॅरॉल्ड कॅम्पिंग, रेडिओवरचा माणूस, यानं 21 मे 2011 सांगितली, रस्त्यारस्त्यावर बोर्ड लावले, तो दिवस गेला तेव्हा म्हणाला न्याय आत्मिक रीतीनं सुरू झालाय, खरा शेवट 21 ऑक्टोबरला. ते पण गेलं. एक मात्र त्याच्या बाजूनं बोलायला पाहिजे, 2012 ला त्यानं पत्र काढून आपण चुकलो असं कबूल केलं. असली कबुली फार कमी जण देतात.

आता तपासायचं कसं. बारावी कॉमर्स भरपूर झालं, तुम्हाला ग्रीक नको, तुम्हाला खतावणी येते. एक वही घ्या, डाव्या पानावर ब्रदर त्या वेळी काय म्हणाले ते तारखेसकट, तक्त्याचा फोटो असेल, जुनी व्हॉइस क्लिप असेल, नोट्सची डायरी असेल, त्यातलं शब्दाला शब्द. उजव्या पानावर नंतर काय म्हणाले ते. आठवणीवर भरवसा ठेवू नका, कारण असल्या ठिकाणी पहिली गोष्ट बदलतात ती आठवण, 'आम्ही तसं म्हणालोच नव्हतो, तुम्हीच तसा अर्थ घेतला'. मग पवित्र शास्त्र उघडा. अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 18 वा अध्याय 22 वं वचन, संदेष्टा परमेश्वराच्या नावानं बोलला नी ते घडलं नाही तर ते परमेश्वरानं सांगितलेलं नव्हे, त्याला भिऊ नका. मत्तय 24:36, तो दिवस कुणालाच ठाऊक नाही. प्रेषितांची कृत्ये 1:7, काळवेळ कळणं तुमच्याकडं नाही. यात कुठंही अशी अट नाही की ऐकणाऱ्याचा विश्वास कमी पडला तर सांगणारा सुटला. ते तुम्हाला योना संदेष्ट्याचं उदाहरण देतील हे मी आत्ताच सांगून ठेवते, की निनवे नगरी 40 दिवसांत नष्ट होणार होती नी झाली नाही. खरं ती वाचली ती लोकांनी ऐकलं नी पश्चात्ताप केला म्हणून. तुमच्याकडं तर लोकांनी जमीन विकण्यापर्यंत ऐकलं. म्हणजे ते उदाहरण त्यांच्याच अंगावर येतं.

जमिनीचं मात्र गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही. बाबांनी स्वतः सही करून तिसऱ्याच माणसाला विकली असेल नी उताऱ्यावर त्याचं नाव चढलं असेल तर ती परत यायची आशा धरू नका. पैसे संगतीला कसे दिले ते बघा, चेक का रोख, पावती कुणाच्या नावाची, ट्रस्टच्या का ब्रदरच्या, पासबुकात एंट्री आहे का. कागद गोळा करून खानापूर कोर्टातल्या तालुका कायदा सेवा समितीत जा, बायकांना, एससी-एसटीला, कमी उत्पन्न असलेल्यांना तिथं वकील फुकट मिळतो. आणि भाच्याला आधी कॉलेजात परत घाला, बाकीचं सगळं त्याच्या नंतर.

प्रश्न : ताई मी निपाणी भागातली. पप्पांना शुगर होती, इन्सुलिन चालू होतं. आरोग्य सभेत, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायच्या सभेत, त्यांनी स्टेजवर साक्ष दिली की आजपासून सुया बंद, येशूच माझा डॉक्टर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढं पायाला जखम झाली ती भरेना, मी दवाखान्यात नेऊया म्हणाले तर सिस्टर लोक घरी येऊन माझ्यावरच हात ठेवून प्रार्थना करायला लागल्या, की हिच्यातला अविश्वासाचा आत्मा जाऊ दे. पप्पा गेले. मातीच्या दिवशीच एक सिस्टर माझ्या कानात म्हणाली, घरात एक जण शंका घेत असेल तर आशीर्वाद अडतो. ताई मी शंका घेत होते हे खरं आहे. माझ्यामुळं गेले का पप्पा?

उत्तर : नाही. बाळा, नाही. तुझ्या शंकेनं कुणाच्या रक्तातली साखर वाढत नाही नी सिस्टरच्या विश्वासानं ती उतरत नाही. घरात दवाखान्याचं नाव काढणारी तू एकटी होतीस.

आता त्यांच्याच पुस्तकातलं घे, कारण तुला रात्री झोप लागत नसणार ती वचनांमुळंच. प्रेषित पौलाच्या हातून आजारी बरे झाले असं लिहिलंय ना, त्याच पौलानं त्रफिम नावाच्या सोबत्याला मिलेत गावात आजारी अवस्थेत मागं ठेवलं, हे त्यानं स्वतः आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहिलंय, दुसऱ्या पत्राच्या शेवटी. त्रफिमच्या घरात कोण शंका घेत होतं? तीमथ्याच्या पोटाची तक्रार होती तर पौलानं त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, स्टेजवर बोलावलं नाही. लूक तर वैद्यच होता, कलस्सैकरांस पत्रात 'प्रिय वैद्य' असंच म्हटलंय. आणि जुन्या करारात हिज्कीया राजा मरायला टेकला होता तेव्हा देवानं वरदान दिलं, तरी यशया संदेष्ट्यानं गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. देवाचं वचन मिळालेल्या राजाला लेप चालतो नी निपाणीतल्या माणसाला इन्सुलिन चालत नाही, हे कुठलं शास्त्र ते त्या सिस्टरला विचारायला पाहिजे, खरं तू जाऊन विचारू नकोस, तुला सध्या तिथं जायची गरजच नाही.

रात्री फार त्रास होत असेल तर 14416 ला फोन लाव, टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट, मराठीत पण बोलतात कन्नडमध्ये पण. आणि जे कुणी हे वाचतंय नी घरात असंच चाललंय त्यांच्यासाठी, शुगर, बीपी, फिट्सच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. फिट्सची गोळी अचानक सोडली तर आधीपेक्षा मोठी फिट येऊ शकते, टीबीचा कोर्स अर्धवट टाकला तर पुढं तीच औषधं लागू पडेनाशी होऊ शकतात. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. प्रार्थना करायची तर गोळी घेऊन करा, देवाला त्याचा काय अपमान वाटत नाही.

प्रश्न : मी वडगावचा, प्रायव्हेट कंपनीत आहे. संगती सोडून दीड वर्ष झालं. मम्मी अजून तिथंच. एकाच घरात राहतो आम्ही. मी कामावरनं आलो की मम्मी ताट वाढून बाहेरच्या कट्ट्यावर ठेवते, वर झाकण, बाजूला तांब्या, नी आत जाऊन पडदा ओढते. मी जेवून ताट धुऊन ठेवलं की मग ती जेवते. भाकरी मात्र गरम असते, मी गाडी लावल्याचा आवाज ऐकून टाकते बहुतेक तव्यावर. एक दिवस मी आत जाऊन बसलो तर रडायला लागली, म्हणाली 'अरे मला करिंथकरांस पत्र पाळायचंय, असल्यांच्या पंगतीला बसू नका म्हणून लिहिलंय, मी काय करू'. मी भांडू का, का घर सोडू, का खोटंखोटं परत जाऊ?

उत्तर : तीनही नको.

पहिलं, मम्मीनं सांगितलेलं वचन खरंच आहे, 1 करिंथ 5:11. खरं त्याच अध्यायाची सुरुवात बघा, तिथं एक माणूस बापाच्या बायकोला ठेवून राहत होता, त्याच्याबद्दल आहे ते. पुढं यादी आहे, जारकर्मी, लोभी, मूर्तिपूजक, चहाडखोर, दारुडा, वित्त हरण करणारा. यात 'प्रश्न विचारणारा' कुठं आहे, 'रविवारच्या मीटिंगला न येणारा' कुठं आहे? दुसरं वचन ते देतात मत्तय 18:17, ऐकलं नाही तर त्याला परराष्ट्रीय नी जकातदारासारखा समज. बरं, समजू या जकातदार. येशू जकातदारांशी कसा वागायचा? त्यांच्या घरी जाऊन जेवायचा, त्यावरनंच तर परूशी, म्हणजे त्या वेळचे कडक धर्मनियम पाळणारे लोक, चिडायचे. नी हे वचन ज्यानं लिहून ठेवलंय असं मंडळी मानते तो मत्तय स्वतःच जकातदार होता.

हे सगळं मम्मीला ऐकवू नका. खरंच नको. तुम्ही एक वचन सांगितलं की ती ते बुधवारी संगतीत जाऊन विचारणार, तिथनं चार वचनं घेऊन येणार, नी तुमच्या दोघांच्या मधे परत संगतीतले वडील येऊन बसणार. हे मी तुमच्यासाठी लिहिलंय, म्हणजे कट्ट्यावर बसून जेवताना आपण खरंच कसलं पाप केलंय असं वाटू नये. मम्मीशी दुसरं बोला. येताना खडेबाजारातनं तिच्या आवडीचं काय ते घेऊन या, गॅस संपलाय का विचारा, गुडघ्याचं काय झालं विचारा, आजीच्या गावाकडच्या गोष्टी काढा. ती पडद्याआड असली तरी ऐकते की. जी बाई गाडीचा आवाज ऐकून भाकरी टाकते ती अजून तुमचीच मम्मी आहे, नियम पाळते ती भीतीनं.

आणि हे नियम वरनं बदलतात हे पण ध्यानात असू दे. यहोवाच्या साक्षीदारांच्यात बहिष्कृत माणसाशी साधा नमस्कारसुद्धा करायचा नाही असं कितीतरी वर्षं होतं, 2024 ला त्यांच्या वरच्या मंडळानं सांगितलं की सभेला आला तर नमस्कार करायला हरकत नाही, नी बहिष्कृत हा शब्द पण सोडून 'मंडळीतून काढलेला' असं म्हणायला लागले. त्याच्या आदल्या वर्षी दाढी ठेवायला परवानगी दिली. म्हणजे काल जे देवाचं होतं ते आज मंडळाच्या मीटिंगमध्ये बदललं, नी मधल्या काळात ज्यांच्या आया बोलल्याशिवाय मेल्या त्यांचं काय, याला कुणाकडं उत्तर नाही. तुमची संगती ती नव्हे हे मला माहीत आहे, सांगायचं एवढंच की आज मम्मीला जे दगडावरची रेघ वाटतं ते उद्या एका फोनवर पुसलं जाऊ शकतं, तोवर दार उघडं ठेवा.

परत खोटंखोटं जायचं डोक्यातनं काढा. एकदा गेलात की सगळ्यांसमोर माफी मागायला लावतात नी मग ती माफी पुढच्या दहा वर्षांत वापरतात.

प्रश्न : दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, नाही दिला तर देवाला लुटलं असं बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकात आहे ना? मी विधवा बाई, बचत गटातनं कर्ज काढून दिलंय, अजून हप्ते चाललेत. (हुक्केरी तालुका, नाव देऊ नका)

उत्तर : मलाखी 3:10 सांगतात, खरं अनुवाद 14 कधी वाचून दाखवतात का? त्यात दशमांश घेऊन देवासमोर आपल्या घरच्यांसकट खा-प्या, आनंद करा असं आहे, नी दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी (म्हणजे मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ नी विधवा यांना पोटभर मिळावा म्हणून गावात ठेवा असं आहे. तुम्ही लिहिलंय की तुम्ही स्वतः विधवा आहात. म्हणजे शास्त्राप्रमाणं त्या डब्यातनं तुम्हाला मिळायला पाहिजे ओ अक्का. कर्ज काढून द्या असं कुठंच नाही, पौल तर म्हणतो ज्यानं त्यानं मनात ठरवलं तसं द्यावं, जबरदस्तीनं नव्हे, 2 करिंथ 9:7. हप्ते फेडा, दशमांशाचं पाकीट बंद करा.

याच्यावरनं आठवलं म्हणून सांगते, अमेरिकेत हर्बर्ट आर्मस्ट्राँग यांची वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड म्हणून मोठी मंडळी होती, तिथं एक नाही तीन दशमांश होते, एक चर्चला, एक सणाला, नी तिसरा ठरावीक वर्षी गरिबांसाठी. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, पाळायचा, ख्रिसमस करायचा नाही, डॉक्टरकडं जाणं म्हणजे विश्वास कमी असं कितीतरी वर्षं चाललं. आर्मस्ट्राँग 1986 ला वारले, नंतरच्या पुढाऱ्यांनी शिकवण तपासायला घेतली नी 1994-95 च्या सुमाराला जाहीर सांगितलं की शब्बाथ, दशमांश हे ख्रिस्ती माणसावर बंधन नाही, आपण चुकीचं शिकवत होतो. अर्ध्याहून जास्त लोक नी पैसा निघून गेला, तरी मागं फिरले नाहीत. 2009 ला नावच बदलून ग्रेस कम्युनियन इंटरनॅशनल केलं. हे सांगायचं कारण, 'आमच्या शिकवणीत बदल होऊच शकत नाही' असं जो कोण तुम्हाला सांगतोय त्याला हे माहीत नसतं किंवा माहीत असून सांगत नाही.

प्रश्न : बाई, मी निवृत्त शिक्षक, चिकोडी. तुमचं मागचं उत्तर वाचून खेद झाला. 'माझ्या अभिषिक्तांना (म्हणजे देवानं निवडलेल्यांना) हात लावू नका' हे स्तोत्र 105 मधलं वचन तुम्हाला माहीत नसावं. शिवाय सध्याचे दिवस कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्यातलं भांडण आपण चव्हाट्यावर आणलं की बाहेरचे लोक त्याचा फायदा घेणार, सगळ्याच ख्रिस्ती लोकांवर बोट ठेवणार. घरातलं घरात ठेवायला नको का?

उत्तर : सर, तुमच्या पत्रातला दुसरा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. 2021 च्या डिसेंबरात इथंच, आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये धर्मांतरबंदीचं विधेयक विधानसभेत पास झालं नी तेव्हा रविवारच्या साध्या प्रार्थनेला पण माणसं भीत भीत जात होती, हे मला माहीत आहे. म्हणूनच मी नावं छापत नाही, नी कुणी मला 'हे सगळे असलेच' असं लिहून पाठवलं तर ते पण छापत नाही, तशी दोन पत्रं टेबलावर पडलीत. खरं बाहेर बदनामी होईल म्हणून आत पोरीच्या बापाचं इन्सुलिन बंद करायचं नी तिला गप्प बस म्हणायचं, हे मला पटत नाही. बाहेरच्याला फायदा होतो तो लपवलेलं उघडं पडलं की, आपणच मांडलेलं असलं तर तो काय करणार.

पहिल्या मुद्द्याचं. स्तोत्र 105 काढून पुढंमागं वाचा सर, ते अब्राहाम, इसहाक, याकोब भटकत होते तेव्हा परक्या राजांनी त्यांना त्रास देऊ नये म्हणून आहे. पास्टरला हिशेब विचारू नये म्हणून नाही. आणि अभिषिक्तांबद्दलच म्हणायचं तर नाथान संदेष्टा दावीद राजाच्या पापाबद्दल त्याच्या तोंडावर 'तो माणूस तूच' म्हणाला. गलतीकरांस पत्र 2:11, पौलानं पेत्राला तोंडावर विरोध केला, नी तो पण सगळ्यांसमोर, घरातलं घरात नव्हे. बिरुया गावातल्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं शास्त्राशी रोज ताडून बघितलं नी त्याबद्दल त्यांना शिव्या नाही, शाबासकी मिळालीय, प्रेषितांची कृत्ये 17:11.

तुम्ही शिक्षक म्हणून आपल्यातलंच एक नाव सांगते, पंडिता रमाबाई. 1883 ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, नी दोन वर्षं पण झाली नसतील तर तिथल्या सिस्टर नी पाद्र्यांशी पत्रांतनं वाद सुरू, त्रैक्यावरनं (पिता, पुत्र नी पवित्र आत्मा मिळून एक देव ही शिकवण), चर्चच्या अधिकारावरनं. 1885 च्या एका पत्रात त्या सरळ सांगतात की मोठ्या कष्टानं मी भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातनं मान सोडवलीय, आता पाद्र्यांकडनं येतं ते सगळं देवाची आज्ञा म्हणून घेऊन तसलंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. त्यांचं खाणंपिणं, राहणं, लेकीचं शिक्षण सगळं त्या वेळी त्याच लोकांच्या आधारावर होतं बघा, तरी लिहिलं. नी असं लिहिणाऱ्या बाईनं पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, नी मूळ भाषा शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. प्रश्न विचारल्यानं त्यांचा विश्वास कुठं आटला?

आणि एक राहिलंच, योहानाचं तिसरं पत्र, एकच छोटा अध्याय आहे. त्यात एका पुढाऱ्याची तक्रार आहे, त्याला सगळ्यांत पहिला नंबर पाहिजे असायचा, आलेल्या बंधूंना तो घरात घ्यायचा नाही नी जे घ्यायचे त्यांना मंडळीतनं काढायचा. योहानानं ते घरात ठेवलं नाही, मी आलो की त्याची कामं काढणार म्हणून पत्रात लिहिलं. तुमच्या संगतीत हे पत्र शेवटचं कधी वाचलं होतं ते मला जरूर कळवा, तुमचं उत्तर आलं तर आहे तसं छापीन.

प्रश्न : ताई, मी नी माझा होणारा नवरा दोघं एकाच संगतीतनं बाहेर पडलो. मी बेळगाव कॅम्पातली, तो चंदगडचा. संगतीवाले म्हणतायत आमच्याशिवाय तुमचं लग्न लागूच शकत नाही, देवासमोर पण नाही नी कायद्यासमोर पण नाही. दुसऱ्या चर्चमध्ये विचारलं तर ते जुन्या मंडळीचं पत्र मागतायत, नी ते आम्हाला कोण देणार?

उत्तर : कायद्याचं तर ते साफ खोटं बोलतायत. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात लायसन असलेल्या पाद्र्यासारखंच सरकारनं नेमलेल्या मॅरेज रजिस्ट्रारसमोर पण लग्न लागतं, मंडळीचं पत्र कुणी मागत नाही. नाहीतर 1954 चा विशेष विवाह कायदा आहेच, त्यात धर्माचा प्रश्नच नाही. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहतोय तिथं नोटीस द्यायची, म्हणजे तुमच्यासाठी बेळगाव किंवा कोल्हापूर जिल्हा दोन्ही चालतील, जिथलं ऑफिस सोयीचं पडेल तिथं. वयाचा नी पत्त्याचा पुरावा, फोटो, लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार. नोटीस ऑफिसच्या बोर्डावर लागते हे ध्यानात ठेवा, संगतीतलं कुणी येऊन हरकत घेतली तरी हरकतीला कायद्यातलं कारण लागतं, म्हणजे वय कमी आहे, आधीचं लग्न आहे असलं काहीतरी, 'आमच्यातनं काढलंय' हे कारण तिथं चालत नाही.

चर्चमध्येच आशीर्वाद पाहिजे असेल तर पत्राच्या भानगडीत न पडता बाप्तिस्म्याचा जो काय कागद असेल तो घेऊन पाद्रीसाहेबांना दोघांनी मिळून भेटा नी काय झालं ते खरंखरं सांगा, सगळेच पत्रावर अडून बसत नाहीत. लग्न आधी रजिस्टर करून नंतर आशीर्वादाची उपासना ठेवणारे पण आहेत. फक्त विशेष विवाह कायद्यात नोटिशीनंतर 30 दिवस जातात, त्याच्या आत रजिस्टर होत नाही, नी नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न नाही केलं तर परत पहिल्यापासून, तेव्हा तारीख पक्की झाल्याशिवाय हॉलचा ॲडव्हान्स देऊ नका.